काहूनचा तास

"सर, थो माणूस खराच होता का?"

खिचडीच्या रांगेत ताटली वाजवत उभ्या असलेल्या सहावीतल्या एका पोट्ट्यानं हे विचारलं तेव्हा मी फोटो पाठवण्यात गुंतलो होतो. शाळेच्या गटावर, केंद्राच्या गटावर, तालुक्याच्या गटावर. 'विद्यार्थ्यांचा शास्त्रज्ञांशी थेट संवाद' असा मथळाही टाईप करून झाला होता.

"खराच म्हंजे?"

"म्हंजे जित्ता. का यूट्यूबवरचा होता?"

मी त्याला हसून टाळलं, पण मोबाइल खिशात ठेवला. तो मथळा काही मग मी पाठवला नाही. म्हणजे पाठवला, संध्याकाळी. अहवालात लागतोच.

गोष्ट २०२५ च्या विज्ञान दिनाची. आमची शाळा मेहकर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही एका वर्गात आहे, म्हणून कागदोपत्री आम्ही डिजिटल. रेंज मात्र त्या वर्गात एकाच खिडकीत येते, तीही वारा नसला तर. त्यामुळे मोबाइल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधायचा आणि तिथून टीव्हीला जोडायचं. २८ फेब्रुवारीला काहीतरी वेगळं करावं म्हणून ओळखीपाळखीतून पुण्याचे एक शास्त्रज्ञ मिळवले. भला माणूस. एका पैशाची अपेक्षा न ठेवता तासभर द्यायला तयार झाला. 'प्रश्न आधी पाठवा' असं त्यांनी म्हटलं नव्हतं, ती अक्कल माझी. मीच बसून दहा प्रश्न काढले. कृष्णविवर कसे तयार होते? रामन परिणाम म्हणजे काय? दहा हुशार मुलं निवडली, प्रत्येकाकडून एकेक प्रश्न पाठ करून घेतला आणि रंगीत तालीमही केली. पोरांनी प्रश्न असे म्हटले, जशी प्रतिज्ञा म्हणतात. पलीकडून उत्तरं आली, छान आली, चाळीस मिनिटं आली. टाळ्या झाल्या.

आता सांगा, त्या पोराला तो माणूस जिवंत आहे हे कळायचं कसं? त्या माणसाला जे विचारलं ते त्याला आधीच ठाऊक होतं, आणि त्यानं जे सांगितलं ते आमच्या पुस्तकात होतं. मध्ये एकदाही तो अडखळला नाही, 'काय म्हणालास रे?' असं म्हणाला नाही. शंका अगदी रास्त होती. त्या दिवशी शाळेत विचारला गेलेला खरा प्रश्न तेवढा एकच, आणि तो खिचडीच्या रांगेत विचारला गेला.

आमच्याकडे 'का'ला 'काहून' म्हणतात. प्रमाण मराठीतला 'का' वाक्यात येतो आणि पुढच्या शब्दात विरघळून जातो. 'काहून' तसा नाही. तो वाटेत आडवा उभा राहतो. 'पानी काहून नाई आलं?' या प्रश्नात कुतूहलही असतं, थोडी तक्रारही असते, आणि उत्तर मिळेपर्यंत मी इथून हलत नाही असा एक हेकाही असतो. लहानपणी माझी माय वैतागून म्हणायची, "काहून काहून नको करू, कावळा होशीन." मी कावळा झालो नाही, शिक्षक झालो, आणि गेली बावीस वर्षं वर्गात पोरांचं तेच करत आलो. शब्द फक्त वेगळे. 'हे परीक्षेत येणार नाही.' 'पुढच्या वर्षी आहे ते.' आणि सगळ्यात वाईट म्हणजे, 'नीट मराठीत विचार.' पोरगं नीट मराठी जुळवेपर्यंत प्रश्न कुठल्या कुठे गेलेला असतो.

मे महिन्यात जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. सुट्ट्या होत्या, बाहेर पंचेचाळीस अंश. मी कूलरसमोर बसून एक जुनी फजिती आठवत होतो. नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना म्हणत, 'पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करतो', आणि खरोखरच उत्तरं पाठवत. मी आठवीत असताना आमच्या एका गुरुजींनी हे वर्गात सांगितलं. मी त्याच दिवशी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड आणलं. दोन दिवस ते कंपासपेटीत जपलं. काय विचारावं ते सुचेना. जे सुचे ते इतक्या मोठ्या माणसाला विचारण्यासारखं वाटेना. शेवटी त्या कार्डावर मामाला खुशाली लिहिली. 'आम्ही सर्व मजेत आहोत, तिकडे पाऊस कसा आहे?'

आता वाटतं, तो पावसाचा प्रश्नच नारळीकरांना पाठवायला हवा होता. पण हे आता सुचून काय उपयोग.

जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा वर्गात एक खोकं ठेवलं. खडूचं मोठं खोकं, वर चीर पाडलेली. मनात येईल तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाका म्हणालो. आठवडाभरानं उघडलं तर आत तीन चिठ्ठ्या. एकीत 'प्रकाश संश्लेषण म्हणजे काय?', दुसरीत तेच, तिसरीत एक शिवी. शिवी लिहिणाऱ्याचं अक्षर मी ओळखलं, काही बोललो नाही. निदान त्यानं मनातलं तरी लिहिलं होतं.

मग तीन गोष्टी जाहीर केल्या. नाव लिहायचं नाही. शुद्धलेखन बघणार नाही. आणि ज्याचं उत्तर पुस्तकात आहे तो प्रश्न टाकायचा नाही. या शेवटच्या अटीनं जादू केली. पुस्तकात काय नाही हे शोधायला पोरांनी पुस्तकं चाळली, हा फायदा वेगळाच. जुलैच्या मध्यापर्यंत खोकं भरायला लागलं. आजही त्यातल्या काही चिठ्ठ्या माझ्या पाकिटात आहेत. 'उन्हाळ्यात वावराले भेगा पडते, मंग त्या पावसात कुठं जाते?' 'गाय बसते तवा मांगून बसते का पुढून, अन् म्हैस?' 'बिजली पडते थ्या झाडाले काहून निवडते?' 'शास्त्रज्ञाले पगार किती रायते?' ही शेवटची चिठ्ठी चार वेगवेगळ्या अक्षरांत होती.

भेगांचं मला ठाऊक होतं आणि तरी नव्हतं. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, एवढं मी शिकवतो. पण भेग 'कुठं जाते' असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. माझा जन्म याच मातीतला. भेगेत पाय अडकून लहानपणी घोटा मुरगळला होता. चिठ्ठी लिहिणाऱ्याला मात्र ती भेग एखाद्या प्राण्यासारखी दिसत होती, पाऊस आला की बिळात शिरणारी.

दुसऱ्या सत्रासाठी पुण्याच्याच एका प्रयोगशाळेतल्या बाई मिळाल्या. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या. आमच्यापासून लोणार एस.टी.नं तासाभरावर, म्हणून मुद्दाम त्यांना गाठलं. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमची पोरं लॉकडाऊनमध्ये घरी बसली होती, आणि बापाच्या मोबाइलवर आपल्याच शेजारचं तळं साऱ्या देशाबरोबर बघत होती. फोनवर बोलताना मी त्यांना म्हणालो, "प्रश्न पाठवत नाही मॅडम, चालेल ना?" त्या म्हणाल्या, "बरंच झालं. मीपण स्लाइड्स करत नाही मग."

इथं मला एक कबुली द्यायची आहे. सत्राच्या आदल्या दिवशी मी खोक्यातल्या चिठ्ठ्या वाचल्या आणि त्यातली एक काढून घेतली. चिठ्ठी अशी होती : 'भितीवर बावन हजार वर्स लिवलं. मोबाइलवर पाच लाख सत्तर हजार दावते. खरं कोन्तं?'

भिंत आमच्या शाळेचीच. तिच्यावर लोणारचं चित्र आहे, खाली माहिती आहे : उल्कापाताने तयार झालेले, बेसाल्ट खडकातील विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, वय ५२,००० वर्षे. हा मजकूर मीच पेंटरला लिहून दिला होता. गेली दहाएक वर्षं तपासायला येणारा प्रत्येक साहेब त्या भिंतीपाशी उभा राहून फोटो काढतो. आणि कुणी तरी तेरा वर्षांचं कार्टं तिला आव्हान देत होतं. चिठ्ठी मी खिशात घातली. 'वेळ कमी आहे, मुद्द्याचे प्रश्न घेऊ,' असं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

सत्र सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला रेंज गेली. चेहरा गोठला, तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. पोरं खिदळायला लागली. मी सुतळी सोडून मोबाइल घेऊन व्हरांड्यात पळालो, तिथून हापशाजवळ, तिथून परत. चित्र काही येईना. शेवटी बाईंचा निरोप आला : टाईप करा, मीही टाईप करते. जमेल तिथं आवाज पाठवते.

ही तडजोड म्हणून केली आणि तीच कामी आली. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये 'आय ॲम अ सायंटिस्ट, गेट मी आऊट ऑफ हिअर' नावाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात शाळेतली मुलं आणि शास्त्रज्ञ यांच्या गप्पा निव्वळ लिहून होतात, पडद्यावर ना चेहरा ना आवाज. शेवटी आवडता शास्त्रज्ञ मुलंच मतं देऊन निवडतात. अमेरिकेत माकुलांवर, म्हणजे स्क्विड या समुद्री जीवांवर संशोधन करणाऱ्या सारा मॅकॅनल्टी यांनी २०१७ मध्ये 'स्काइप अ सायंटिस्ट' काढलं, ते उलट चेहऱ्यासकट, वर्गात थेट. हे दोन्ही मी वाचून होतो आणि मला दुसरंच बरं वाटायचं. शास्त्रज्ञ दिसला पाहिजे, नाही तर मजा काय? पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत असं झालं की सातवीतली एक पोरगी, जी हजेरीलाही नुसता हात वर करते, ती मोबाइलपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी लिवू का?" चेहरा दाखवायचा नव्हता, आवाज ऐकवायचा नव्हता, चुकलं तर खोडता येत होतं. तिनं एका बोटानं, ओठ हलवत, लिहिलं :

'म्याडम पर्‍हाटीचं फूल दुसऱ्या दिवसी गुलाबी होते. बोंडअळी बी गुलाबी रायते. लोणारचं पानी बी गुलाबी झालतं. आमच्या इकडं सगळं गुलाबीच काहून? एकच रंग हाय का?'

पलीकडे बराच वेळ 'टाईप करत आहे' असं दिसत राहिलं. मग ते थांबलं. मग आवाजाचा निरोप आला. आधी नुसतं हसू, आणि मग, "अवो माय, हे तं म्या कधी इचारच नाई केला!"

वर्ग अवाक्. टीव्हीतली पुण्याची बाई वऱ्हाडी बोलत होती. मागून कळलं, बाई मूळच्या कारंज्याच्या. बारावीपर्यंत तिथंच शिकलेल्या. नंतरच्या वीस वर्षांत 'काहून' हा शब्द कुणी आपल्याला लिहून पाठवला नव्हता, असं त्या मला फोनवर म्हणाल्या.

त्या दिवसापुरतं तरी खिचडीच्या रांगेतल्या त्या पोराला उत्तर मिळालं होतं. बाई जित्ती होती.

रंगांचं त्यांनी सांगितलं ते असं. सरोवराचा गुलाबी हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांचं फावलं. त्यांच्या अंगातलं रंगद्रव्य गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या कुळातलं. पाऊस पडून पाणी पातळ झालं तसं ते खाली बसले आणि रंग ओसरला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते पाणी तपासलं होतं. पर्‍हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या फुलाचा गुलाबी वेगळा, तो अँथोसायनिनचा, म्हणजे जांभळाच्या कुळातला. दोन रंग डोळ्याला एकच दिसतात, पण त्यांचं गोत्र वेगळं. "आणि अळीचं?" त्या म्हणाल्या, "अळी माझा विषय नाही. तुम्हीच मला एक सांगा, ती जन्मापासून गुलाबी असते का?"

वर्गात गलका झाला. नाई, नाई, लहान असते तवा पांढरी असते. बोंड फोडलं की दिसते. डोमकळीत सापडते ते बारकी, पांढुरकी. सरकीच्या आत जाते अन् दोन सरक्या चिकटवून घेते, तवा गुलाबी झालेली रायते. प्रत्येकाला काहीतरी ठाऊक होतं. शाळेत कधी कामी न आलेली माहिती. वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर बसणारा, पेपरात कायम नापास होणारा एक पोरगा उभं राहून सांगत होता की डोमकळी ओळखायची कशी, पाकळ्या कशा एकमेकींत गुंतून फिरकीसारख्या मिटलेल्या राहतात, उमलतच नाहीत. बाई पलीकडून लिहून घेत होत्या. खरंच घेत होत्या. मध्येच म्हणाल्या, "थांब, हळू सांग."

आणि मग त्याच पोरानं, बळ आल्यासारखं, माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, भितीवर बावन हजार लिवलं, मोबाइलवर पाच लाख सत्तर हजार. खरं कोन्तं?"

माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

बाई म्हणाल्या, मी दगडवाली नाही, पण जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. दोन्ही आकडे शास्त्रज्ञांचेच. उल्का आदळली तेव्हा एवढी उष्णता निघाली की खडकाची काच झाली. तापलेल्या त्या काचेतलं आधीचं घड्याळ पुसलं गेलं आणि शून्यापासून पुन्हा सुरू झालं. पण घड्याळं दोन प्रकारची. एक असं की आसपासच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा त्या काचेत थोडी थोडी साठत राहते. प्रयोगशाळेत तापवलं की ती मंद उजेड होऊन बाहेर पडते, उजेड जास्त तेवढं वय जास्त. त्या घड्याळानं १९९७ मध्ये ५२ हजार दाखवलं, सहा हजार इकडे तिकडे. दुसरं घड्याळ पोटॅशियमचं. त्याचा एक प्रकार अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलत जातो. तो आर्गॉन मोजून २०११ मध्ये आकडा आला ५ लाख ७० हजार, ४७ हजार इकडे तिकडे. आज दुसऱ्या घड्याळावर जास्त भरवसा ठेवतात.

थोडा वेळ शांतता. मग मागून कुणी तरी म्हणालं, "म्हंजे यायची निस्ती चुकभूलच आपल्या भितीएवढी हाय."

मी हिशेब केला. ४७ हजार आणि ५२ हजार. पोरगं बरोबर होतं. बावीस वर्षांत 'अधिक-उणे' हे चिन्ह मी फळ्यावर हजारदा काढलं असेल, ते कुणाला असं कळलेलं पाहिलं नव्हतं.

भिंतीचं सांगून टाकतो. पेंटरला बोलावलं, त्यानं आकडा खोडून नवा लिहिला. पोरं म्हणाली जुनापण राहू द्या, खाली छोट्या अक्षरांत. पेंटर म्हणाला, "मंग जे खोडलं त्याचे बी पैसे लागन." दिले.

सगळी सत्रं अशी झाली नाहीत, हेही सांगायला पाहिजे. नंतरच्या एका सत्रात एक गृहस्थ इंग्रजाळलेल्या मराठीत स्वतःच्या पुरस्कारांविषयी पंचवीस मिनिटं बोलले आणि 'एनी क्वेश्चन्स?' म्हणून लगेच घड्याळाकडे बघू लागले. पोरांनी त्यांना पगार विचारला. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. एकदा लाइनच गेली आणि दोन तास आली नाही. आणि ही सत्रं म्हणजे रामबाण उपाय असं जे हल्ली कार्यशाळांत सांगतात, त्याचा मला वीट आहे. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट, आणि त्यातल्या सूक्ष्मदर्शकाची भिंग कधीची गहाळ आहे. पुण्याची बाई मोबाइलवर आली म्हणून ती भिंग उगवत नाही.

शेतीवाल्यांच्या सत्रात तर गंमत आणि कसनुसं, दोन्ही एकदम झालं. कापसावर काम करणारे एक शास्त्रज्ञ होते, आवाज खणखणीत, बोलणं सरळ. चिठ्ठी निघाली : 'बीटी हाय म्हणते तं अळी काहून लागते?' त्यांनी नीट उलगडून सांगितलं. बीटीचं वाण २००२ मध्ये आलं. कपाशीतच अळीला मारणारं विष तयार होतं. पण लाखो अळ्यांत एखादी ते पचवणारी निघतेच. बाकीच्या मेल्या, ती जगली, तिची पिलावळ वाढली. गुलाबी बोंडअळी तर जवळजवळ कपाशीवरच जगणारी, म्हणून तिच्याबाबत हे लवकर झालं. २०१७ मध्ये विदर्भानं ते भोगलं. असं होऊ नये म्हणूनच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगरबीटीचं लहान पाकीट येत असे. ते वावराच्या कडेनं लावायचं, म्हणजे विष न पचवणारे पतंगही जगतात, त्यांची सरमिसळ होते आणि चिवट पिढी लवकर तयार होत नाही.

"लहान पाकीट?" एक पोरगा म्हणाला. "थे तं आमचा बाबा फेकून दे."

वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांनी माना हलवल्या. शास्त्रज्ञ क्षणभर गप्प झाले. त्यांना नवीन काही कळलं होतं असं नाही, पण इतक्या सरळपणे कुणी सांगितलं नसावं. दुसऱ्या दिवशी पोरगा निरोप घेऊन आला, "बाबा म्हणे, मास्तराले सांग, त्या कडेच्या ओळीत जे पिकन नाई त्याचे पैसे पुण्यावाले देईन का?" मी बाबाला उत्तर दिलं नाही. चिठ्ठी करून खोक्यात टाक म्हटलं. त्याचंही उत्तर कुणी तरी द्यायला हवं, आणि ते देणारा शास्त्रज्ञच असेल असं नाही.

फुलाचं राहिलं.

त्या सातवीतल्या पोरीनं दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लिहिलं. आता मोबाइलपाशी यायला ती विचारत नव्हती. तिची आजी म्हणते, पर्‍हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरं असतं, मग भोंगा येऊन बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ते लाजून गुलाबी होतं. हे खरं का?

बाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी लिहिलं, आजीचं म्हणणं तपासता येईल. उद्या उमलणार अशी कळी संध्याकाळी ओळखता येते का तुला? पोरीनं लिहिलं, 'हाव, टोक लांब निघते.' मग त्या कळीच्या टोकाला दोरा बांध, बियाणं तयार करणारे बांधतात तसा. फूल उघडणार नाही, भोंगा आत जाणार नाही. मग काय होतं ते मला कळव.

शाळेमागचं वावर त्याच पोरीच्या काकाचं. संध्याकाळी सहा-सात जण गेले, मीही गेलो. सप्टेंबरची सुरुवात, माती ओली, चपला हातात घेऊन चालायचं. पर्‍हाटी कमरेइतकी झालेली. पोरगी एकेक कळी बोटांत धरून बघायची, ही नाई, ही परवाची, ही उद्याची. मला दोन्हींत काही फरक दिसेना. तिच्या मते धडधडीत दिसत होता. पाच कळ्यांना आईच्या शिवणाच्या पेटीतला लाल दोरा बांधला. शेजारच्या पाच न बांधता तशाच ठेवल्या आणि त्यांच्या झाडांना चिंध्या लावल्या, ओळखू याव्यात म्हणून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. 'बाकीच्या बी पाह्याले पायजेन ना,' म्हणाली. मी विज्ञानाचा शिक्षक, माझ्या लक्षात आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उघडी पाचही फुलं पांढरी-पिवळसर उमलली. बांधलेली तशीच मिटलेली, फुगलेली. रात्री पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधीच सगळे वावरात. बांधलेल्यांपैकी दोन कळ्या गळून चिखलात पडलेल्या. उरलेल्या तिघींचा दोरा तिनं दातानं तोडला. पाकळ्या चुरगळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. तिनं नखानं सोडवल्या.

तिन्ही गुलाबी.

कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं विचारलं, "आतमंदी भोंगा तं नोता ना?" पाकळ्या पुन्हा उघडून बघितल्या. नव्हता. मुंगीसुद्धा नव्हती. बाईंना फोटो पाठवला, त्यांनी लिहिलं की तीन फुलं कमी आहेत, आणखी वीस बांधा. पोरं दोऱ्याचं अख्खं रीळ मागायला लागली.

पोरगी मात्र दोन दिवस गप्प होती. विचारलं तर म्हणाली, "आजीले कसं सांगू? तिचं खोटं निंघालं ना." मी म्हणालो, सांग की. आजी काय रागावणार आहे?

सोमवारी खोकं उघडलं तर वरच चिठ्ठी होती. नाव नव्हतं, पण आता मला अक्षर ओळखू येतं.

'आजीले सांगतलं. आजी म्हणे, मंग थे आपल्याच मनानं लाजलं असन. म्याडमले इचारा, फुलाले आपल्या मनानं कवा लाजायचं थे कसं समजते?'